वारा आणि लहान नाव
(कयाकांतून मासे धरणाऱ्यांविषयीं एक धडा)

ज्यास पोहतां येतें त्यास पाण्याचें भय नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु लहान नावेंत बसून गळ टाकणाऱ्यास पाण्याहून वाऱ्याचें भय अधिक असतें, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत येते. पाणी डोळ्यांस दिसतें. वारा दिसत नाहीं. पाणी खोल आहे कीं उथळ आहे हें काठी घालून पाहतां येतें. वारा घटकाभरानें कोणीकडून येईल हें काठीनें कळत नाहीं.

वाचकहो, आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबें तळ्यांच्या, नद्यांच्या आणि खाड्यांच्या कांठीं राहतात. त्यांतील पुष्कळांस होडींत बसण्याचा प्रसंग येतो. म्हणून आज आम्ही एका फार लहान नावेची, म्हणजे कयाकची, व वारा सुटला असतां तींतून मासे कसे धरितात याची माहिती देतों. नाव परक्या देशाची आहे. परंतु वारा सर्व देशांत एकाच रीतीनें वागतो.

१. कयाक म्हणजे काय?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची नाव होय. ग्रीनलंड बेटाचा बहुतेक भाग बर्फाखालीं आहे, आणि तेथें नाव करण्याजोगीं मोठीं झाडें जवळजवळ नाहींत. म्हणून तेथील लोक समुद्राच्या प्रवाहाबरोबर दूर देशांतून वाहत आलेलें लांकूड वेंचून त्याचा सांगाडा करीत. त्या सांगाड्यावर स्त्रिया सीलच्या कातड्याचें आवरण शिवीत, आणि ते टांके इतके घट्ट घालीत कीं त्यांतून पाणी आंत शिरत नसे. ही नाव सुमारें ५ मीटर लांब आणि जेमतेम ५० सेंटीमीटर रुंद असे. तिचें माप बसणाऱ्याच्या शरीरावरून घेत. अंगरखा जसा ज्याचा त्यासच नीट बसतो, तशी ही नावही ज्याची त्यासच बसे.

नाव वरून बंद असून मध्यें मनुष्याच्या कमरेपुरतें भोंक असे. शिकारी कातड्याचा झगा घालून त्याची खालची कड त्या भोंकाच्या कांठास बांधी, आणि बाह्या मनगटांशीं व टोपी चेहऱ्याभोंवतीं आवळून घेई. मग नाव उलटली तरी पाणी आंत जात नसे, आणि तो वल्ह्याच्या एका फटक्यासरशीं पुन्हा सरळ होई. हें कौशल्य तेथें खेळ म्हणून शिकवीत नसत. त्या थंड पाण्यांत नावेबाहेर पडलेला मनुष्य फार वेळ जगत नाहीं; म्हणून तें शिकवीत.

त्या नावेच्या घडणींत एक गोष्ट विशेष पाहण्याजोगी आहे. तिची पाठ पाण्यापासून अगदीं थोडी वर असे, आणि तिच्या दोन्ही टोकांस पातीं असलेल्या वल्ह्याचीं पातीं अरुंद असत. म्हणजे वाऱ्यास धरावयास कांहीं राहूं नये, अशी ती सर्व रचना होती. पुढें विसाव्या शतकांत मोटारीच्या होड्या आल्या आणि बहुतेक ठिकाणीं शिकारीचें व मासेमारीचें काम त्या करूं लागल्या. तरी उत्तरेकडील कानाक भागांतील शिकारी नारव्हाल नांवाच्या लहान देवमाशाची शिकार कयाकांतून करितात. आणि ही विद्या लोपूं नये म्हणून १९८५ सालीं ग्रीनलंडांत कयाकवाल्यांचा एक संघही स्थापन झाला.

आज इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड इत्यादि देशांत मासे धरण्यासाठीं जी कयाक वापरितात ती निराळी आहे. ती प्लास्टिकची असून आंतून पोकळ असते. तिची लांबी बहुधा ३ ते ४ मीटर व रुंदी ७५ ते ९० सेंटीमीटर असते. मनुष्य तिच्या आंत न बसतां वर बसतो, आणि वर आलेलें पाणी तिच्या भोंकांतून आपोआप खालीं निघून जातें. रुंदीमुळें ती स्थिर असते, म्हणून नवशिक्यास ती सोपी वाटते. परंतु तिची बैठक उंच असते, गळाच्या काठ्या उभ्या असतात, मागें सामानाची पेटी असते, आणि या सर्वांस वारा धरितो. जुनी नाव डळमळीत होती, पण वाऱ्यास निसटून जात असे. नवी नाव स्थिर आहे, पण वाऱ्याच्या हातीं सांपडते. स्थिर नावेंत बसलेल्यास भय वाटत नाहीं, आणि भय वाटत नाहीं म्हणून तो दूर जातो, ही नव्या नावेंतील पहिली मेख होय.

२. वारा काय करितो?

वारा अगदींच नसणें हें नेहमीं सुखाचें असतें असें नाहीं. ग्रीनलंडचे शिकारी सांगत कीं, समुद्र आरशासारखा स्थिर असून ऊन डोळ्यांवर चमकत असतां फार वेळ हालचाल न करितां बसलें म्हणजे कित्येकांस भ्रम होई. आपली नाव पाण्यानें भरत आहे, आपण बुडत आहों, असें त्यांस वाटे आणि हात हालवेनासे होत. अशा वेळीं वाऱ्याची एक झुळूक येऊन पाण्यावर तरंग उठले, अथवा सोबत्यानें येऊन नावेस हात लाविला, म्हणजे तो भ्रम उडे. माशांसही थोडा वारा मानवतो. पाणी हाललें म्हणजे आंत प्रकाश कमी शिरतो, आणि मासा निर्भयपणें वर येतो. तळ्यावर ज्या कांठाकडे वारा वाहतो त्या कांठाशीं किडे व कचरा जमतो, आणि त्यामागें मासेही येतात. म्हणून गळ टाकणारा वाऱ्याचा शत्रु नसतो. त्यास वाऱ्याची मर्यादा मात्र ठाऊक असली पाहिजे.

पहिली गोष्ट, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा दुप्पट होत नाहीं, तर चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर रेटा नऊपट होतो. सकाळीं ताशीं १० किलोमीटर वाहणारा वारा दुपारीं ताशीं ३० किलोमीटर झाला, तर मनुष्याचे हात तेच, वल्हें तेंच, परंतु अंगावरील ओझें नऊपट.

दुसरी गोष्ट, लाट तीन गोष्टींनीं वाढते: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला हा काळ, आणि मोकळ्या पाण्यावरून तो किती लांब आला हें अंतर. म्हणून जेथून वारा येतो त्या कांठाशीं लाट लहान असते व पलीकडे ती वाढत जाते.

तिसरी गोष्ट, पुढें चाललेल्या कयाकचें नाक वाऱ्याकडे वळूं पाहतें. तिचा पुढचा भाग पाणी कापीत असल्यामुळें पाण्यांत धरल्यासारखा राहतो. मागचा भाग मोकळा असतो व त्यास वारा बाजूस ढकलितो. त्यामुळें मनुष्यास एकाच बाजूनें पुन्हा पुन्हा वल्हें मारावें लागतें आणि एक हात आधीं थकतो. ज्या कयाकांस मागें सुकाणूं असतें त्यांस हा त्रास कमी होतो.

चौथी गोष्ट भरती-ओहोटीची. वारा व पाण्याचा प्रवाह एकाच दिशेनें जात असले तर लाटा लांब व सौम्य असतात. प्रवाह फिरून वाऱ्याच्या तोंडावर आला कीं त्याच लाटा आंखूड व उभ्या होतात. सुमारें सहा तासांनीं पाणी फिरतें. म्हणून वारा मुळींच न वाढतांही समुद्र थोड्या वेळांत बिघडूं शकतो.

वारा मोजण्याची एक सोपी रीत ब्रिटिश आरमारांतील अधिकारी फ्रान्सिस बोफोर्ट यानें १८०५ च्या सुमारास बसविली. तींत शून्यापासून बारापर्यंत अंक असून पुढें समुद्राचें रूप पाहून अंक ठरविण्याची पद्धति पडली. तिसऱ्या अंकास वारा ताशीं १२ ते १९ किलोमीटर असतो व क्वचित् एखाद्या लाटेच्या माथ्यावर पांढरा फेस दिसतो. चवथ्या अंकास वारा ताशीं २० ते २८ किलोमीटर होतो व पांढरे माथे जागोजाग दिसूं लागतात. ते दिसूं लागले म्हणजे नवशिक्यानें कयाक पाण्यांत घालूं नये.

३. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा

कोंकणच्या किनाऱ्यावर वाऱ्यांस दोन जुनीं नांवें आहेत. जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, आणि समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा. जमीन उन्हानें लवकर तापते व रात्रीं लवकर निवते. पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. म्हणून रात्रीं व पहांटे मतलई वाहतो, आणि दिवस वर आल्यावर खारा सुरू होतो. शिडाच्या होड्या मतलईबरोबर बाहेर जात व खाऱ्याबरोबर घरीं येत. ज्या वाऱ्यानें नेलें त्याच्या जागीं दुसरा वारा घरीं आणावयास येत असे, म्हणून ती रीत चालली.

परंतु सर्वच वारे असे दिवसातून दोनदां फिरत नाहींत. मोठ्या वादळाच्या भोंवतालचा वारा कधीं कधीं दिवस दिवस एकाच बाजूनें वाहूं शकतो. असा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असला म्हणजे कयाकवाल्यास त्यासारखा फसवा दुसरा नाहीं. किनाऱ्यावर टेंकडीचा आडोसा असल्यामुळें पाणी तळ्यासारखें शांत दिसतें. लाटा किनाऱ्यापासून दूर जात असल्यामुळें त्यांची पाठच आपणांकडे असते, आणि माथ्यांवरील फेस नीट दिसत नाहीं. जातांना वारा पाठीशीं असतो. एक वल्हें मारिलें तर दोन वल्ह्यांइतकें अंतर तुटतें, आणि मनुष्यास आपल्या हातांचा अभिमान वाटूं लागतो. आडोसा केव्हां संपला हें त्यास कळत नाहीं. तो परत फिरतो तेव्हां प्रथम वारा तोंडावर लागतो, आणि इतका वेळ आपणांस कोण नेत होतें हें त्यास त्या क्षणीं समजतें.

४. एका सकाळचें उदाहरण

हें नीट समजावें म्हणून आम्ही एक सकाळ उदाहरणार्थ रचून वाचकांपुढें मांडितों. गृहस्थ कल्पित आहे. स्थळ मात्र खरें आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मेव्हागिसी हें कोळ्यांचें जुनें गांव आहे. आमच्या तारलीच्या जातीचा पिलचर्ड नांवाचा मासा पूर्वीं तेथें विपुल धरीत. गांवाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर पेंटेवानचा वाळूचा किनारा आहे. हा सर्व भाग पूर्वेकडे तोंड करून आहे, पुढें इंग्लिश खाडीचें मोकळें पाणी, मागें टेंकड्या. त्या देशांत पश्चिमेकडील वारे फार वाहतात. म्हणजे या किनाऱ्यावर ते जमिनीवरून समुद्राकडे जातात.

मे महिना आहे. आमच्या बांगड्याचा भाऊबंद जो मॅकरल मासा, तो किनाऱ्याजवळ येऊं लागला आहे. एक गृहस्थ पहांटे उठून हवामानाचें भाकित पाहतो. सकाळीं दक्षिणेचा मंद वारा, दहाच्या सुमारास पावसाची सर, आणि त्यामागून वायव्येचा जोराचा वारा, असें त्यांत सांगितलें आहे. हा वायव्येचा वारा म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. घरीं राहावें काय? तो तसें ठरवीत नाहीं. परंतु आपण साडेनऊस दोरी गुंडाळावयाची, मासे लागत असोत वा नसोत, असें तो घरींच ठरवितो आणि कागदावर लिहून पत्नीच्या हातीं देतो: “दहा वाजतां किनाऱ्यास येईन. साडेदहापर्यंत न आलों तर तटरक्षकांस कळवावें.”

तो अंगांत थंड पाण्यापासून रक्षण करणारा पोशाख व त्यावर तरंगतें जाकीट घालितो. शिट्टी जाकिटास बांधलेली असते. पाण्यानें न भिजणाऱ्या पिशवींत मोबाइल टेलिफोन असतो व खांद्यापाशीं लहान बिनतारी यंत्र असतें. वल्हें दोरीनें नावेस बांधलेलें असतें, गळाच्या काठ्याही बांधलेल्या असतात.

वारा दक्षिणेचा आहे, म्हणून तो आधीं दक्षिणेकडे, वाऱ्याच्या तोंडावर, वल्हवीत जातो. ज्यास हा नियम कळला त्यास अर्धी विद्या आली: अंगांत ताजी शक्ति आहे तोंवर वाऱ्याविरुद्ध जावें, आणि थकल्यावर वाऱ्याबरोबर घरीं यावें. मग तो वल्हें आडवें ठेवून नाव वाऱ्याबरोबर हळूहळू मागें उत्तरेकडे वाहूं देतो आणि गळ सोडितो. नाव फार वेगानें वाहूं लागली तर दोरी तिरकस होते व आमिष तळापासून वर उचललें जातें. म्हणून तो कापडाची एक लहान छत्री नावेच्या टोकास बांधून पाण्यांत सोडितो. ती पाण्यानें भरते, नावेस मागें ओढून धरिते, आणि नावेचें तोंड वाऱ्याकडे राहतें. नांगर टाकावयाचा असला तरी तोही नाकाशीं किंवा शेंपटाशींच बांधावा, आणि दोरी एका झटक्यांत सुटेल अशी असावी. ज्यानें नांगर नावेच्या मध्यावर, बाजूस बांधिला त्याची नाव वारा व प्रवाह मिळून उलटवितात.

मासा लागला म्हणजेही एक नियम आहे. हात बाहेर जावा, पण डोकें नावेच्या रुंदीबाहेर जाऊं नये. जिकडे डोकें जातें तिकडे सर्व शरीराचें वजन जातें. मासा पाहण्यास वांकलेले कित्येक लोक माशाकडेच जाऊन पडतात.

नऊ वाजेपर्यंत दोनच मासे मिळाले. सव्वानऊस दक्षिणेचा वारा एकाएकीं पडला. पाणी गुळगुळीत झालें, आणि मॅकरलचा मोठा थवा नावेखालीं आला. एका दोरीवर चार गळ. चारीस चार मासे. पुन्हा दोरी सोडिली, पुन्हा तीन. थवा हळूहळू बाहेर, पूर्वेकडे सरकत होता.

वाचकहो, खरी परीक्षा येथें आहे. वादळ अंगावर आलें असतां पळावें हें कोणासही कळतें. परंतु मासे लागत आहेत, पाणी शांत आहे, आणि अशा वेळीं दोरी गुंडाळावयाची, हें फार कठीण आहे. “आणखी दहा मिनिटें” हे शब्द त्या वेळीं प्रत्येकाच्या मनांत येतात. ह्या गृहस्थाच्याही मनांत आले. त्यानें मान वर करून पाहिलें. पश्चिमेस टेंकडीच्या माथ्यावर ढगाची काळी कड सरळ रेघेसारखी दिसत होती. गांवांतील एका धुराड्याचा धूर इतका वेळ उत्तरेकडे वांकत होता, तो सरळ उभा राहून आतां समुद्राकडे कलूं लागला होता. घड्याळांत साडेनऊ झाले होते.

त्यानें दोरी गुंडाळिली.

५. दहा मिनिटांचा हिशेब

तो थांबला असता तर काय झालें असतें, याचा हिशेब आपण पाटीवर मांडूं. आंकडे उदाहरणापुरते आहेत.

समजा कीं थव्याच्या मागें जातां जातां तो किनाऱ्यापासून २ किलोमीटरांवर गेला. शांत पाण्यांत तो ताशीं ५ किलोमीटर वल्हवितो. म्हणजे २ किलोमीटरांस २४ मिनिटें. आतां वायव्येचा वारा सुटला व तोच वेग ताशीं २ किलोमीटरांवर आला. म्हणजे एक तास. परंतु सामान्य मनुष्यास असें तासभर न थांबतां वल्हविणें फार कठीण जातें. समजा कीं तासांतून १५ मिनिटें तो विसावा घेतो, आणि तेवढ्यांत वारा त्यास ताशीं २ किलोमीटर वेगानें मागें नेतो. तर ४५ मिनिटांत तो दीड किलोमीटर पुढें जातो, आणि १५ मिनिटांत अर्धा किलोमीटर मागें येतो. एका तासाच्या श्रमाचें फळ एक किलोमीटर. २ किलोमीटरांस दोन तास लागतील. पहिल्या तासाइतकी शक्ति दुसऱ्या तासांत राहत नाहीं, हें तर या हिशेबांत धरिलेंच नाहीं. वारा आणखी थोडा वाढला तर पुढें जाणें व मागें येणें समान होतें, आणि मग घर जवळ येतच नाहीं. चोवीस मिनिटांचा रस्ता अशा रीतीनें न संपणारा होतो.

आतां आमच्या गृहस्थाकडे परत जाऊं. तो किनाऱ्यापासून सुमारें तीनशें मीटरांवर असतां पावसाची सर आली आणि पहिला झोत टेंकडीवरून खालीं उतरला. त्यानें गळाच्या काठ्या आडव्या केल्या, अंग पुढें वांकविलें, आणि वल्हें खालीं धरून आंखूड फटके मारूं लागला; कारण वर उचललेलें पातें वाऱ्याच्या हातीं लागतें. नाव आडवी होऊं दिली नाहीं. जेथून निघालों तेथेंच पोहोंचावें असा हट्टही त्यानें धरिला नाहीं. जो किनारा सर्वांत जवळ होता त्याच्या आडोशास तो प्रथम गेला, आणि तेथून कांठाकांठानें पेंटेवानास आला. दहाला पांच मिनिटें होतीं. त्याची पत्नी छत्री घेऊन वाळूवर उभी होती. तिच्या हातांतील कागद पावसानें भिजला होता; त्याचा उपयोग करावा लागला नाहीं. पेटींत नऊ मासे होते. बाहेर समुद्रावर आतां सर्वत्र पांढरे माथे उठले होते.

६. पाण्यांत पडल्यास

सावध मनुष्यही कधीं पडतो. म्हणून पुढील गोष्टी आधींच पाठ असाव्या.

थंड पाण्यांत पडतांच मनुष्याचा श्वास एकदम आंत ओढला जातो, व मग धाप लागते. पाणी १५ अंशांहून थंड असलें म्हणजे हें विशेष होतें. आणि मे महिन्यांत कॉर्नवॉलचें पाणी सुमारें १२ अंश असतें. त्या क्षणीं तोंडांत पाणी गेलें तर उत्तम पोहणाराही बुडतो. म्हणून प्रथम पोहूंच नये. पाठीवर तरंगत राहावें, तोंड पाण्याबाहेर ठेवावें, आणि श्वास ताळ्यावर येऊं द्यावा. एक दोन मिनिटांत तो पहिला धक्का ओसरतो. ब्रिटनमध्यें १८२४ सालीं स्थापन झालेली जीवरक्षक नावांची संस्था आहे. तिच्या नावांवर बहुतेक स्वेच्छेनें काम करणारे लोक असतात. ती संस्था हेंच लोकांस शिकविते.

दुसरें, नाव सोडूं नये. रिकामी कयाक वाऱ्याबरोबर इतकी झपाट्यानें जाते कीं पोहणाऱ्यास ती गांठतां येत नाहीं. मोकळ्या पाण्यांत वारा असतां कित्येक जण स्वतःस दोरीनें नावेशीं जोडून घेतात तें याचसाठीं. मात्र किनाऱ्याशीं लाटा फुटत असतात तेथें ती दोरी सोडावी. नाहींतर नाव अंगावर आपटते.

तिसरें, नाव सरळ करून तिच्या मध्यावर दोन्ही हात ठेवावे, पाय पाण्याच्या पृष्ठाशीं आणून जोरानें मारावे, पोटावर वर यावें, मग वळून बसावें. हें शांत दिवशीं कांठाजवळ दहा वेळां करून पाहिल्याशिवाय दूर जाऊं नये.

चवथें, मदत लौकर मागावी. लाज वाटून शक्ति संपेपर्यंत थांबणें हें शौर्य नव्हे. आपल्या देशांत समुद्रावरील संकटासाठीं तटरक्षक दलाचा टेलिफोन क्रमांक १५५४ आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं तो मुलांसही पाठ करवावा.

७. या धड्याचें तात्पर्य

कयाक आमच्या गांवीं येवो वा न येवो, या धड्यांतील मुख्य गोष्ट प्रत्येक होडीस लागू आहे. परत येण्याचा निर्णय पाण्यावर करावयाचा नसतो. तो निघण्यापूर्वीं जमिनीवर करावयाचा असतो. कारण पाण्यावर असतां मासे, लोभ, थकवा आणि अभिमान हे चौघे मनुष्याच्या कानाशीं बोलत असतात, आणि वारा कांहीं न बोलतां आपलें काम करीत असतो. ज्यानें वेळ घरीं ठरविली व ती दुसऱ्यास सांगून ठेविली, त्यास पाण्यावर विचार करावयाचा राहत नाहीं. ठरविलेलें पाळावयाचें तेवढें राहतें.

धरणाच्या पाण्यावर, मोठ्या तळ्यावर अथवा खाडींत जातांना इतकें तरी पाहावें: वारा कोणीकडून आहे? येतांना तो पाठीशीं असेल कीं तोंडावर? आम्ही केव्हां येऊं हें घरीं कोणास ठाऊक आहे काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें देतां येत नसतील तर त्या दिवशीं कांठावर बसूनच गळ टाकावा. कांठावरही मासे मिळतात.

रात्रीच्या वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. ग्रीनलंडची जुनी कयाक व आजची मासेमारीची कयाक यांत वाऱ्याच्या दृष्टीनें काय भेद आहे?
२. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा किती होतो? तिप्पट झाला तर?
३. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा फसवा कां? किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास लाटांचा फेस कां दिसत नाहीं?
४. मतलई व खारा हे वारे कशामुळें होतात?
५. आधीं वाऱ्याविरुद्ध कां जावें? वारा जमिनीवरून समुद्राकडे असला तर हा नियम कां चालत नाहीं, व मग काय करावें?
६. त्या गृहस्थानें दोरी गुंडाळण्याचा निर्णय साडेनऊस केला, कीं त्याहून आधीं? तुमच्या उत्तराचें कारण सांगा.